सतरा नंबरचा शिक्का

शुक्र., ३१ जानेवारी. दु. ४ वा. १० मि.

वेळ मुद्दाम लिहून ठेवतेय. मुरबाडला कंपनीत हळदीकुंकू. निवृत्त बायकांनाही बोलावणं. रंगखात्याच्या दाराशी विमानाचे ब्रॅकेट टांगलेले. प्रत्येकाला ‘तपासले’ची चिठ्ठी, त्यावर तपासनिसाचा शिक्का नं. १७. माझा! तारीख २८ जानेवारी. मी दिवाळीत निवृत्त झाले, शिक्का परत केल्याची सही आहे.

पाणी सोडून तपासायचं टेबल गायब. तिथे अत्तरदाणी.

सुगंधा, किन्हवलीची, बावीस वर्षं माझ्या हाताखाली होती. तिळगूळ देताना पुटपुटली, “बाय, शिक्का चालूच हाय. पानी कोन नाय बघीत.”

शनि., १ फेब्रु.

डोक्यातून जात नाही.

किती साधं काम. धुतलेल्या ब्रॅकेटवर पाणी सोडायचं, अर्धा मिनिट बघायचं. पाण्याचा पडदा अखंड राहिला तर रंग. फुटला तर तिथे तेल. तिथलाच रंग पुढे सोलतो, खाली गंज धरतो. ते अर्धं मिनिट सगळ्याजणी श्वास धरून. मग सुगंधाची आरोळी : “फुटला गो!” मी : “मग रडतेस काय? परत धू.”

एका संक्रांतीला ती मनगटावर अत्तर लावून आली. एका ब्रॅकेटवर अंगठ्याएवढ्या जागी पडदा फुटला. मी बोलायच्या आत तिने दिवसभराचे सगळे परत धुतले. एसटी चुकली. मी डब्यातली पोळी दिली. आधी तिचे हात बघितले. म्हणते, “कॉन्व्हेंटच्या सिस्टर जेवाया पन नखं बघूनच देत का तुमाला?”

देत. तिथल्याच वसतिगृहात वाढले मी.

सोम., ३ फेब्रु.

नव्या मॅनेजरांना फोन. “मॅडम, तुमचा मान म्हणून नंबर चालू ठेवलाय.”

मान ठेवायचा होता तर टेबल ठेवायचं!

“रंग बघा ना, किती छान बसलाय.” पहिल्या दिवशी तेलावरही बसतो. माल गुरुवारी जाणार.

कंपनीला पत्र लिहायला घेतलं. सुगंधाचं नाव घातलं नाही. तिची चार वर्षं नोकरी उरलीय.

मंगळ., ४ फेब्रु.

सुगंधा ड्यूटी सुटल्यावर थेट शहापूरला, माझ्या घरी.

“माझा नाव लिवलाव?”

“नाही. वेडी आहेस का?”

“लिवा. अठ्ठावीस तारखेला पानी सोडलाच नाय, मी हुते तिथं. तुमी नाय, मी हुते.”

खरंच. मी फक्त चिठ्ठी पाहिली होती.

तिचं नाव घातलं. पत्राचा शेवट असा केला : ‘हा माल थांबवावा. १७ नंबरची प्रत्येक चिठ्ठी काढावी. शिक्का आम्हा दोघींसमोर मोडावा. उद्या, बुधवार, ५ फेब्रुवारी, संध्याकाळी पाचच्या आत लेखी उत्तर द्यावे. फोन घेतला जाणार नाही.’

माझ्या सहीखाली सही करण्याआधी तिने पदराला हात पुसले.