टाय नको, रुमाल चालेल

५ जानेवारी, रविवार

टाय लागणार म्हणे! कोट आणि टाय! जेवायला बोलावलंय की वकिली करायला?

सकाळी अरशदचा व्हिडिओ कॉल आला. पोरगं इतकी वर्षं क्रूझवर ताटं उचलत होतं, आता त्याच जहाजाच्या सगळ्यात महागड्या रेस्टॉरंटच्या दारात उभं राहतं. आत कोणाला सोडायचं, कोणाला नाही, ते आमचे चिरंजीव ठरवतात. या महिन्याच्या शेवटी जहाज दुबईहून परत येताना मुंबईला लागणार, तिथून गोवा. स्टाफच्या आईबापांना मुंबई-गोवा प्रवास फुकट. म्हणाला, "अब्बा, एकदा माझ्या टेबलावर बसून जेवा. बस, इतनाच पाहिजे."

मग जरा घुटमळत नियम सांगितले. बायकांना काही विशेष नाही. पुरुषांना कोट, कॉलरचं बटण बंद, वर टाय. गळ्यात रुमाल नाही, मफलर नाही. तोंड नेहमीचं हसरं होतं, पण नजर खाली.

त्याची अम्मी, माजिदा, फोनच्या मागे उभी राहून मला डोळ्यांनी 'हो म्हणा, हो म्हणा' करत होती. मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, माझं मलाच कळलं नाही.

६ जानेवारी

बंद कॉलर म्हणजे माझा श्वास बंद. ऑक्टोबरात डॉक्टरांनी कॅन्सरबरोबर स्वरयंत्रही काढून नेलं. आता हवा नाकातोंडातून नाही, गळ्याच्या मुळाशी ठेवलेल्या भोकातून येते-जाते. रुपयाएवढं भोक. त्यावर जाळीचं कापड, कापडावर रुमाल. आयुष्यभर तंबाखू मळली त्याची ही पावती. तक्रार नाही.

बोलण्याचं मात्र अडलेलं नाही. सगळी हयात कारखान्यात कापडाचे लूम चालवण्यात गेली. त्या खडखडाटात शेजारच्याची हाक ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे ओठांनी आणि हातांनीच बोलतात. माजिदा डबा घेऊन यायची, अरशद शाळेतून थेट तिथेच यायचा, दोघं शिकले. मी ओठ हलवले की घरात सगळं कळतं. नमाजातही ओठ हलतात, तेवढं पोचतं.

मग अडतंय कुठे? अरशदनं ते भोक बघितलेलं नाही. तिथे अडतंय. व्हिडिओ कॉलच्या आधी मी रुमाल नीट करतो, आरशात बघतो, मग बसतो. आपल्या बापाच्या गळ्यातून हवा सूं करत आत जाते, कधी कफ उडतो, हे त्यानं बघू नये. त्याचा चेहरा कसा होईल ते मला बघवणार नाही. झालं, लिहून टाकलं.

माझ्या ऑपरेशनच्या वेळी त्याचं जहाज मुंबईच्या गोदीत लागलं होतं. दुबईला जाताना, एक दिवस. रजा मिळाली नाही, असं माजिदानं सांगितलं. मी रागावलो नाही. रागवायला आवाज लागतो.

१० जानेवारी

विसरून चहावर फुंकर मारायला गेलो. रुमाल उडाला, चहा तसाच गरम!

१२ जानेवारी, रविवार

आज मरता मरता वाचलो, आणि मारणारा माझा सगळ्यात जुना दोस्त!

माजिदानं पूर्णा गावच्या रामनाथला फोन केला असणार. शाळेत आम्ही एका बाकावर. आता शेतं गोदामांना भाड्यानं देऊन मजेत असतो. दुपारी हजर झाला, हातात कोट, खिशात टाय. टायला गाठ आधीच मारलेली, मागे इलॅस्टिक. नातवाच्या साखरपुड्याला घेतलेला कोट. "यो तुझ्याच मापाचा हाय. बघ तरी घालून," म्हणाला.

कोट खरोखर चांगला बसला. मीही आरशासमोर जरा ताठ झालो, खोटं कशाला बोलू. रामनाथला चेव आला. माझ्या कॉलरचं बटण लावलं, इलॅस्टिक डोक्यावरून घातलं आणि गाठ सर्रकन वर सरकवली. नेमकी भोकावर.

हवा बंद. ओरडता येत नाही. त्याला वाटलं मी ऐटीत मान ताणतोय! म्हणतो कसा, "आता दिसतोस शेठ." मी टेबलावर हात आपटले, स्टीलचं ताट खाली पाडलं. माजिदा स्वयंपाकघरातून धावत आली आणि तिनं टाय हिसकून काढली, इलॅस्टिकसकट.

रामनाथ पांढराफटक. खुर्चीवर बसला तो उठेचना. शेवटी मलाच त्याची पाठ थोपटावी लागली. नात अक्सा खेळून आली तर तिला वाटलं नानांना नाही, रामनाथनानांनाच काहीतरी झालंय.

१३ जानेवारी

माजिदाला सांगितलं — तू एकटी जा. मी जहाजावर खालच्या हॉलमध्ये जेवीन, तिथे कोणी काही विचारत नाही. तिनं भाकऱ्या जरा जोरातच थापल्या.

१४ जानेवारी

झोप नाही. अरशद दारात उभा आहे, मी रुमाल बांधून गेलोय, मागे साहेब उभे आहेत आणि त्याला बापाला थांबवावं लागतंय. किंवा तो म्हणतोय, 'अब्बा, रुमाल काढा ना.' दोन्हीपैकी कोणतं जास्त वाईट, तेच ठरत नाही. तो सहसा काही मागत नाही. नोकरी लागल्यापासून पैसे पाठवतोच आहे. पहिल्यांदा काही मागितलं ते एवढंच, बापानं टेबलावर बसावं. आणि बाप पळवाटा शोधतोय.

मार्चमध्ये तो घरी येणारच आहे, मला माहीत आहे. तोपर्यंत माझी मलाच सवय होऊ दे, एवढंच म्हणणं होतं.

१६ जानेवारी, गुरुवार

रामनाथच्या नातवाची, कुणालची हळद. आगऱ्यांच्या हळदीलाही ड्रेसकोड असतो! घरातल्या सगळ्या पुरुषांना पिस्ता रंगाचा कुर्ता, बायकांना एकाच रंगाच्या साड्या. कापड महिनाभर आधी ताग्यानं येतं.

मी पोचलो तर रामनाथची बायको पुतळाबाई एक पुडी घेऊन पुढे आली. त्याच ताग्यातला रुमाल, काठाला बारीक शिलाई. "भावजी, यो बांधा, तुमी आमच्यातलं हाव," म्हणाली आणि दुसऱ्या कामाला गेलीसुद्धा. बांधला. फोटोत मी सगळ्यांसारखाच पिस्ता. डीजेपुढे कोणाचंच कोणाला ऐकू येत नव्हतं. मी एकटाच माजिदाशी आरामात बोलत होतो.

१९ जानेवारी, रविवार

सुटलो! सुटलो! सुटलो!

अरशदचा फोन. कंपनीनं नियमच सैल केला. फुरसतीला आलेल्या माणसाला कोट कशाला, अशी लोकांची कुरकुर होती म्हणे. पुढच्या सफरीपासून कोट नाही, टाय नाही, कॉलरसुद्धा पाहिजेच असं नाही. कपडे नीटनेटके असले की झालं. गुडघ्यापर्यंतची पँट घालून आला तरी आत. फक्त पोहण्याच्या कपड्यांत येऊ नका.

मी ओठांनी विचारलं — रुमाल?

"रुमाल चालेल, अब्बा. टाय का झंझट खत्म." हसत होता. मला वाटलं माझ्यापेक्षा तोच जास्त मोकळा झालाय.

फोन ठेवला आणि दोन रकात नमाज शुकराण्याची पढलो. कुठल्या गोऱ्या साहेबानं कुठल्या ऑफिसात बसून सही केली असेल, त्याला काय माहीत भिवंडीत एक म्हातारा त्याला दुआ देतोय! माजिदानं विचारलं, आता तरी चलताय ना? मी म्हणालो, पिस्ता रुमालाला इस्त्री कर. ती हसत हसत रडली. मग माझ्यावरच खेकसली की आठवडाभर तिचा जीव टांगणीला लावला होता. बरोबर आहे तिचं.

रात्री मच्छी केली होती. वास येत नाही आता, पण आज चव लागली असं वाटलं.

२१ जानेवारी

रामनाथला कळवलं. त्याला आनंद झाला, पण जरा हिरमुसलाही. "मंग माझा कोट? मी म्हटलं कोट तरी जहाज बघंल." त्याच्या मते उद्या हे लोक लुंगीवरही आत घेतील. त्याला ओठांचं कळत नाही, म्हणून मी पाटीवर लिहून दाखवलं — मग तूही चल.

२६ जानेवारी

बॅग भरली. जाळीचं कापड, रुमाल, छोटा आरसा, कापूस, औषधं. माजिदा म्हणते दोन दिवसांना एवढं? माझा गळा मला विचारून खोकत नाही, बाई.

३१ जानेवारी, शुक्रवार. जहाजावर

जहाज तर आमच्या गल्लीपेक्षा स्थिर आहे.

दिवसभर अरशद ड्युटीवर होता. पहिली भेट थेट रेस्टॉरंटच्या दारात. अंगात कोट, पण टाय नाही, वरचं बटण उघडं. तो मिठी मारेल आणि रुमाल सरकेल, या भीतीनं मी आधीच हात पुढे केला. त्यानं तो दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मागे माणसं खोळंबली. मग साहेबी आवाजात "वेलकम सर, वेलकम मॅडम" म्हणाला आणि आम्हाला टेबलापर्यंत नेलं. माजिदानं पदर सारखा करायच्या निमित्तानं डोळे पुसले.

कोपऱ्यातलं टेबल. सगळ्या हॉलमध्ये एसीचा गार वारा, आमच्यावर एक झुळूक नाही. मला गार वारा लागला की खोकला सुटतो, आज एकदाही नाही. सूप आलं तर शेजारच्या वाटीतून वाफा आणि माझं बेतानं कोमट. माजिदानं सांगून ठेवलं असणार. ही बाई सगळीकडे पोचते.

पलीकडे एक म्हातारे गृहस्थ कोट-टाय घालून एकटेच बसले होते, आणि त्यांच्या शेजारच्या टेबलावर एक जण अर्ध्या पँटीत, केसाळ गुडघे सगळ्यांसमोर! म्हातारे वेटरला इंग्रजीत म्हणत होते की आता काही राहिलंच नाही. मला त्यांचं वाईट वाटलं. किती हौसेनं गाठ मारली असेल. पण माझ्यापुरतं, ते गुडघे जगोत!

पियानो वाजत होता, चमचे वाजत होते, लोक बडबडत होते. हॉलच्या दुसऱ्या टोकाच्या दारातून अरशदनं नुसते ओठ हलवले — कसं आहे? मी इकडून — मीठ कमी. तो हसला, तिकडून — बाकी? मी म्हणालो — एक नंबर. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये कोणाला पत्ता नाही की बापलेक गप्पा मारतायत. लूमपेक्षा आवाज कमीच होता.

रुमाल शेवटपर्यंत जागचा हलला नाही. त्यानं काही बघितलं नाही. केबिनमध्ये येऊन आडवा झालो, इतकं हलकं कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

३ फेब्रुवारी, सोमवार. भिवंडी

घरी पोचलो. माजिदा बॅगेतले कपडे काढत होती. मी फुशारकीनं म्हणालो — बघ, सांभाळलं की नाही? पोराला कळू दिलं नाही.

तिच्या हातातले कपडे हातातच राहिले.

"त्यानं पहिल्याच दिवशी बघितलंय. जहाज गोदीत लागलं तसा हॉस्पिटलात आला होता. तुम्ही बेशुद्ध. गळा उघडा होता. नर्सकडून शिकून त्यानं स्वतः पुसून काढला, मग मला शिकवलं. गार हवा नको, गरम पाणी नको, सगळं विचारून घेतलं. जाताना मला कसम घातली — अब्बा जेव्हा दाखवतील तेव्हाच मी बघितलं, असं समजायचं."

पिस्ता रुमाल धुऊन दोरीवर टाकला होता. तेवढ्यात व्हिडिओ कॉल वाजला. मी तसाच, उघड्या गळ्यानं उचलला. अरशदनं माझ्या गळ्याकडे बघितलं. मग आवाज न काढता, नुसत्या ओठांनी विचारलं — जेवलात, अब्बा?