बेटावरचा सांबार

माह्या मयुरीले नालवाडीहून आजीचा पोटभर आशीर्वाद.

तुह्या मायनं, उज्वलानं, मले वही-पेन दिला. म्हणे, "आई, पोरगी तुमचं ऐकते. लिवा तिले, नोकरी सोड अन् घरी ये." म्हणून लिवाले बसली.

पण आधी भाजीबाजारातलं ऐक. शेजारच्या कुंताबाईनं विचारलं, "तुमची नात मालदीवले काय करून राह्यली?" म्या म्हटलं, "सांबार पेरून राह्यली!" तूच शिकल्यापासून त्याले कोथिंबीर म्हणतं. ते हासली. "सांबार पेराले समुद्रापार काऊन जा लागते वं? इथं वावर नोहोतं?"

मंग म्या सांगतलं. त्या बेटावर पेराले जमीन मूठभर, विहिरीचं पाणी खारं. कांदा, टमाटर, तांदूळ, सारं जहाजानं येते. वादळापायी पंधरा दिवस जहाज आलं नाई, दुकानं रिकामी झाली. तवा माह्या नातीनं नारळाच्या भुशात, पावसाच्या साठवल्या पाण्यावर लावलेला सांबार अन् पालक घरोघरी गेला. आता तिथल्या बाया तिच्यापासून शिकून राह्यल्या. कुंताबाईनं भाजीची थैली उचलली. जाताना म्हणे, "माह्याकडचं मेथीचं बियाणं पाठवजा तिले."

पालक उपटू नको, वरून कापजो. पुन्हा फुटते.

तिथले लोक तुले अजून दोन वर्षं राहा म्हणतात ना? राह्यजो. मले तुही लय आठवण येते, गुडघेही उठू देत नाई, पण तू राह्यजो.

हे वाचलं तर माह्या गुडघ्यापायी तू धावत येशीन. म्हणून पत्र पोस्टाच्या पेटीत टाकत नाई. उज्वलानं विचारलं तर सांगीन, लिवलं. टाकलं का, हे तिनं विचारलंच नाई तर म्या काऊन सांगू?

तुही आजी,
सुमित्राबाई