शंका आली तर तो रेषेवरच

१ सप्टेंबर, शुक्रवार
पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट मिळाला! काखेत शिवलेला. व्हर्लिन म्हणाला, "आधीच्या पंचाचा गुडघा गेला. शर्ट अजून धडधाकट आहे." नेब्रास्कात आलो बीट काढायला, बीट अजून जमिनीतच — आणि मी अमेरिकन फुटबॉलचा पंच! दहावीत शाळा सोडली, आता दर शुक्रवारी शाळेच्या मैदानावर. आई हसून लोळेल.

८ सप्टेंबर
मी मैदानाच्या कडेला उभा राहतो. चेंडू ठेवतात तिथून एक आडवी रेषा मनातच ओढायची. हल्ला करणाऱ्या अकरांपैकी चारच जण तिच्या मागे उभे राहिलेले चालतात, बाकीचे रेषेवर हवेत. पाचवा मागे सापडला की पिवळा रुमाल फेकायचा, खेळी बाद. ऐकायला सोपं. पण पोरं उभी राहतात ती अशी — धड रेषेवर नाही, धड मागे नाही!

व्हर्लिन गॅसच्या टाक्या पोचवतो, आणि आम्हा पाच पंचांचा म्होरक्या. गाडीत म्हणाला, "शंका आली तर तो रेषेवरच, लेका. आधी पोराला सांग, पुढे सरक. मग त्याच्या कोचला सांग. तरी ऐकेना तर रुमाल. मधून ट्रक जाईल एवढी फट असेल तर मात्र सांगत बसू नकोस."

कडेचं पोर उभं राहिलं की माझ्याकडे बघून हात करतं — रेषेवर आहे ना? मी मान हलवली की त्याचा जीव भांड्यात. मजा वाटते. माझ्या मानेला एवढी किंमत कधीच नव्हती.

१५ सप्टेंबर
एकही रुमाल नाही. नंतर चिली, म्हणजे तिखट राजमा-खिमा, आणि दालचिनीचा गोड रोल, एकाच ताटात! पहिल्यांदा हसलो होतो. आता बुडवून खातो.

२२ सप्टेंबर
सँड फोर्कची शाळा. दोन वर्षांत एकही मॅच जिंकलेली नाही. आज चार गुणांनी मागे, शेवटचं मिनिट — आणि टेव्हिन ओबर्ली नावाच्या पोराने चेंडू झेलला तो थेट गोलपट्टीत, म्हणजे सहा गुण! बाक रिकामे झाले, सगळे उड्या मारताहेत. आणि गवतावर माझा रुमाल. टेव्हिन रेषेच्या मागे होता. पाचवा.

हरले. त्यांच्या कोच ओडेगार्डनी नुसती टोपी काढली. एक बाई ओरडली, "ए पट्टेवाल्या, चष्मा घे!" बाकीचे खुर्च्या उचलून गाड्यांकडे निघाले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

२४ सप्टेंबर, रविवार
व्हर्लिनच्या स्वयंपाकघरात व्हिडिओ पाहिला. त्याने चित्र थांबवलं.
"किती मागे होता?"
"थोडा."
"थोडा म्हणजे?"
"...शंका येण्याइतका."
"मग?"
त्याने माझ्यापुढे आणखी एक ऑम्लेट सरकवलं. खाल्लं.

एक गोष्ट सांगितली नाही. टेव्हिनने हात करून विचारलं होतं. मी मान हलवली होती! वर हंसांचा थवा चालला होता, मी तिकडे बघतच मान हलवली. मग खाली पाहिलं, तो मागे वाटला, आणि हात आपोआप रुमालाकडे गेला. व्हिडिओत मी दिसत नाही. हे फक्त दोघांना माहीत — मला आणि त्याला.

२ ऑक्टोबर
दिवसभर बीट. छान ऊन. मागच्या कामावरच्या सोबत्याचा, रस्कचा, ॲरिझोनाहून फोन — "ये इकडे, लेट्यूसची भाजी काढायचं काम आहे." जाता येईल. असाच तर निघत आलोय सगळीकडून. शुक्रवारी पुन्हा सँड फोर्क.

४ ऑक्टोबर
व्हर्लिनला सांगून टाकलं. त्याने गाडी कडेला घेतली. मग म्हणाला, "मला सांगून काय उपयोग? मी कुठे हरलोय?"

६ ऑक्टोबर
मॅचआधी कोच ओडेगार्डना गाठलं, हंसांसकट सगळं सांगितलं. ते म्हणाले, "माहीत आहे. टेव्हिनने त्याच संध्याकाळी सांगितलं. वर म्हणाला, 'तक्रार करू नका कोच. पंच मिळाले नाहीत म्हणून गेल्या वर्षी आपल्या तीन मॅच रद्द झाल्या. हाही पंच पळाला तर आपण खेळायचं कसं?'"