इंजिन नसलेली होडी

अहो,

तुमच्या मित्राची मोटारबोट मी रद्द केली. नांगर कुठे टाकता विचारलं, तर हसून म्हणाला, “प्रवाळावरच, वहिनी, तिथे घट्ट बसतो.” अशा माणसाला मला न विचारता हो म्हणून मोकळे झालात!

आता शिडाची होडी ठरवली आहे. ती तरंगत्या पिंपाला बांधतात, खाली काही मोडत नाही. तुमचं उन्हाचं क्रीमही बॅगेतून काढलंय, त्यानं प्रवाळ मरतं. स्नॉर्कलिंगला लांब बाह्यांचा शर्ट घाला, वरच ठेवलाय.

आणि हो, या होडीला इंजिन नाही. चार तास कसलाच आवाज नसेल. महिनाभर जे टाळताय, ते तिथे बोलावंच लागेल.

मी सहाला येते. जमणार नसेल, तर तोवर तुमची बॅग रिकामी करून ठेवा. मी एकटी जाईन.