दंडातला उंदीर

४ जून
शब्दकोशाच्या कचेरीतून संपादकांचा फोन. "रजा वाढवतो, पण शब्द थांबवू नका." म्हणून 'मसल'ची, म्हणजे स्नायूची, नोंद इथे गावीच लिहायला घेतली — बाबांच्या खाटेशेजारी बसून. झटका येऊन सात आठवडे झाले. उजवा हात निपचित, वाचा बंद. चाळीस वर्षं लाकडावर रंधा मारलेला हात तो.

६ जून
मूळ सापडलं. लॅटिनमध्ये 'मूस' म्हणजे उंदीर, 'मुस्कुलुस' म्हणजे पिटुकला उंदीर. दंड वळवला की कातडीखाली उंदीर पळाल्यासारखं दिसतं, म्हणून. आपला मूषक त्या मूसचा लांबचा चुलतभाऊ.

हात चोळता चोळता बाबांना हे सांगितलं. म्हटलं, "त्यांना दंडात उंदीर दिसला, आपल्याला बेडकी. म्हणून तर आपण बेटकुळी म्हणतो." तोंडाचा डावा कोपरा हलला. हसले — नक्की हसले!

९ जून
उंदराचं खानदान मोठं. स्पेनमध्ये तो मांडीत शिरला — मांडीला 'मुस्लो' म्हणतात. इंग्रजीत थेट पाण्यात उतरला, एका काळ्या शिंपल्याचं नाव झाला. बाबांना रोज असा एक शब्द सांगते. लहानपणी माझ्या बडबडीला पेपराआडून नुसतं "हं" यायचं. आता "हं"सुद्धा नाही, पण नजर माझ्यावरून हलत नाही.

१० जून
व्यायाम नाही. नुसते बसलो दोघं.

१४ जून
अंगठा हलला! फिजिओवाल्या ताई म्हणाल्या, "हात येतोय. वाचाही येईल, धीर धरा."

संध्याकाळी पुन्हा संपादकांचा फोन — परत कधी येताय? मी बोलून गेले, "बाबा बोलायला लागले की मी निघायला मोकळी." बाबा समोरच होते. जीभ आवरायला हवी होती.

१९ जून
नोंद पाठवली. बाबांचा हात खांद्यापर्यंत उचलला जातो. तोंडातून मात्र एक अक्षर नाही.

२३ जून
औषधं घेऊन लवकर परतले. दाराबाहेरच थबकले. आत बाबा ताईंशी बोलत होते — जड, अडखळत, पण बोलत होते. "तिला सांगू नका... बोललो की... जाईल ती."

पायरीवर बसून राहिले बराच वेळ. मग चपला वाजवत आत शिरले. म्हटलं, "बाबा, उंदीर संपला. आज सशाचा शब्द आणलाय."