राजदूतचा खोकला

धरणगाव,
११ जानेवारी २०२४

चि. अभिमन यास,
कोकिळाअक्काचे अ. उ. आशीर्वाद.

तुझे कान गेल्यापासून फोनवर आपण नुसते ओरडतो आणि आपलं सगळं गल्लीला कळतं. म्हणून पत्र. संक्रांतीचे तीळ निवडून ठेवलेत. येणाऱ्याबरोबर लाडू पाठवीन, तोवर साक्रीच्या बाजारातली रेवडी खाऊन दात पाडून घेऊ नकोस.

आमची रूपाली पाळधीच्या दवाखान्यात नर्स म्हणून लागली. जायला-यायला तिने तुझ्या दाजींची राजदूत काढली. हे गेल्यापासून गाडी पडवीत झाकूनच होती. पोरगी किक मारते तेव्हा गल्ली कौतुकाने बघते.

पण अभिमन, गाडी खोकते. दोन लहान ठसके, मग एक लांब, ओढत नेलेला, आणि मग गप्प. शेवटी शेवटी हे असेच खोकायचे. काल मी गॅसपाशी होते. ओट्यावरून तो आवाज आला आणि मी यांचा कप भरला. रूपालीने पाहिलं. तो चहा तिनेच पिऊन टाकला.

त्यात गाडी हटकून जिनिंगच्या गेटासमोर बंद पडते. ज्या जिनात कापसातून सरकी-रुई वेगळी करण्यात यांचा जन्म गेला, नेमकी तिथेच. शेजारची भागाबाई म्हणते, मोतीलालभाऊना जीव गाडीमा अटकेल शे, ईकी टाक. तिचं ऐकून विकून टाकावी का?

वहिनीच्या गुडघ्यांना जप. मुलांना पापा.

तुझी माया धरून असलेली,
कोकिळाअक्का


साक्री,
१७ जानेवारी २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भागाबाईला म्हणावं, जीव दाजींचा नाही, हवेचा अटकलाय. एअर फिल्टर चोंदला की इंजिनाला श्वास पुरत नाही. गेटासमोर चढ आहे ना? चढाला हवा जास्त लागते, म्हणून गाडी तिथेच गुदमरते.

मी आलो असतो, पण गॅरेजला माझ्याशिवाय कोणी नाही. तूच खोल. लहानपणी माझ्या सायकलची चेन तूच बसवायचीस आणि नाव माझं व्हायचं. आधी पेट्रोलचा कॉक बंद कर. बाजूचं झाकण काढलं की फिल्टरचा डबा दिसेल. पट्टी सैल करून फिल्टर अलगद ओढ. कागदाचा असेल तर पाणी लावू नकोस, नुसता झटक. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धू, पिळवटू नकोस, सावलीत वाळव आणि तेलाचा हलका हात दे. डबा आतून पुसून घे. फिल्टर फारच गेला असेल तर रूपालीला जळगावहून नवा आणायला सांग. मात्र फिल्टरशिवाय गाडी चालू करायची नाही. धूळ थेट इंजिनात जाते.

लाडवांची वाट बघतोय. दात शाबूत आहेत.

तुझ्या आशीर्वादाचा धनी,
अभिमन


धरणगाव,
२९ जानेवारी २०२४

चि. अभिमन यास,
अ. उ. आशीर्वाद.

तू सांगितलंस तसं केलं. फिल्टर कागदाचा निघाला, पण कागद दिसतच नव्हता. रुईचे बारीक तंतू आणि धूळ यांचा थर बसून त्याचं जाड, राखाडी घोंगडं झालं होतं. हे कामावर असताना इतकी वर्षं गाडी जिनाच्या शेडमध्येच उभी असायची. मी झटकला तर माझ्या पदरावर, केसांवर ते पांढरं उडालं. यांच्या सदऱ्याचा जो वास यायचा ना, तोच आला. धुळ्याच्या डॉक्टरांनी यांच्या छातीचा फोटो उजेडाला धरून दाखवला होता, तो आठवला आणि मी तिथेच बसून राहिले.

रूपालीने नवा आणलाय. तो कपाटात आहे. मी जुनाच परत बसवला.

रागावू नकोस. नवा बसवला की खोकला जाईल. मग या घरात यांचं काय ऐकू येणार मला? सकाळी एकदा तो आवाज झाला की दिवस उगवल्यासारखा वाटतो. नवा बसवलाय असं रूपालीला सांगितलं. गाडी जुनी आहे, खोकायचीच, असंही म्हटलं.

घरी सगळ्यांची आठवण काढते.

तुझीच,
कोकिळाअक्का


साक्री,
३ फेब्रुवारी २०२४

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

रागावलो नाही. मला आता ढोल वाजला तरी कळत नाही, पण पहाटे आईची हाक येते. अगदी अंगणातून. मी दार उघडत नाही. बाहेर कोणी नसलेलं बघायचा धीर होत नाही. म्हणून तुझं मला समजतं.

पण माझ्या हाकेवर कोणी स्वार होऊन रस्त्याला जात नाही, अक्का. त्या गाडीवर आपली रूपाली बसते. पत्र मिळताच नवा फिल्टर बसव. दाजींची शपथ घालतो.

पाया पडतो,
अभिमन


धरणगाव,
९ फेब्रुवारी २०२४

चि. अभिमन यास,
अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र यायच्या आदल्या दिवशीच घडलं. गेटासमोर राजदूत बंद पडली आणि आतून रुईच्या गाठींनी भरलेला ट्रक निघाला. ड्रायव्हरने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून निभावलं. रूपाली गाडी ढकलत घरी आली, कोपर सोललेलं. मी कपाटातला फिल्टर काढून तिच्यापुढे ठेवला. नवा बसवलाच नव्हता, हे तिला कळलं. बाबांना हे चाललं असतं का, एवढंच तिने विचारलं.

मी उठले आणि नवा बसवला. जुना तिच्या हातात दिला. कुठे टाकला, विचारलं नाही.

एका किकमध्ये गाडी सुरू झाली. आवाज इतका मोकळा, की ओटा परका वाटला. रूपाली म्हणाली, चल, चढावर बघू. मी मागे बसले. गेट आलं आणि मागे पडलं, गाडी थांबली नाही. मीच तिला थांबायला सांगितलं. तिने इंजिन बंद केलं.

आणि ऐकू आलं. दोन लहान ठसके, मग एक लांब, ओढत नेलेला. गाडी बंद होती, अभिमन. रूपालीनेही ऐकलं. तिने माझा हात घट्ट धरला.

आम्ही चालत गेटापाशी परत आलो. आत शेडमध्ये कोणीतरी गुडघ्यांवर हात टेकून वाकला होता. केस, भुवया, सगळं पांढरं. मी यांना हाक मारणारच होते, तेवढ्यात त्याने मान वर केली. भागाबाईचा मुलगा, सुपडू. यांच्या जागेवर लागलाय, यांच्याच मशीनवर. खोकला कधीपासून म्हणून विचारलं तर हसला. काई नई अक्का, घसामा रुई गयी, म्हणाला. हेही असंच म्हणायचे, असेच हसून.

परत आल्यावर सरळ भागाबाईकडे गेले. ती तांदूळ पाखडत होती. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं. म्हटलं, की सुपडूने उद्यापासून जिनात जायचं नाही. तिने सूप खाली ठेवलं. माले वाटे, मालेच आयकू येस, म्हणाली. तिला वाटत होतं, पोराचा खोकला तिलाच एकटीला ऐकू येतो.

शुक्रवारी, १६ तारखेला, मी आणि भागाबाई सुपडूला घेऊन धुळ्याला येतो, त्याच डॉक्टरांकडे. तू स्टँडवर ये. आम्हा दोघींना आत जायचा धीर होईलसं वाटत नाही.

भेटीअंती बाकीचं.

तुझी,
कोकिळाअक्का