नदीच्या नावाने तीन हाका

तीर्थरूप आईस, धाकटीचा वाकून नमस्कार.

मी खुशाल आहे, जेवणखाणही वेळेवर होतं. तुझे गुडघे कसे आहेत? लहानपणी माझ्या ज्या आवाजाला तू वैतागायचीस, त्याच आवाजावर इथं पोट भरतंय. कोर्टाच्या दारात उभं राहून पक्षकारांना हाका मारायच्या, एवढंच काम.

सोमवारी मात्र नदीला हाक मारावी लागली. नव्या कायद्यानं नदीला माणसासारखे हक्क मिळालेत, म्हणून तिच्या नावानं रंगाच्या कारखान्यावर दावा लागलाय. कारखान्याचे वकील हसत म्हणाले, "वादीच हजर नसेल, तर दावा काढून टाका." न्यायाधीशबाईंनी मला रीतसर हाक द्यायला सांगितलं.

पहिल्या हाकेला सगळे हसले. दुसरीला व्हरांडा गप्प झाला. तिसरीनंतर कोरड्या जिन्यावरून पाणी वर आलं. खरंच सांगते, पायरी पायरी चढत आलं. जांभळं, गारेगार पाणी, आणि ते नेमकं माझ्या पायांपाशी थांबलं.

"आलंय का कुणी?" बाईंनी आतून विचारलं.

 मी म्हणाले, "हजर आहे, बाईसाहेब."

वकिलांनी बाहेर डोकावून पाहिलं आणि जागेवर जाऊन बसले. दावा चालू राहिला. पुढच्या तारखेलाही हाक मीच मारणार, तसं सांगून आलेय.

दादाला यातलं काही बोलू नकोस, तो मला न्यायला येईल. पायांना लागलेला रंग घासूनही जात नाही. काल घोट्यापर्यंत होता, आज पोटरीवर आलाय. दुखत मात्र नाही, तेव्हा तू जिवाला घोर लावून घेऊ नकोस.

तुझीच,
धाकटी